जाळीआडची नळी

प्रश्न : आमच्या गिझरची नळी गळायला लागली म्हणून बिट्टन मार्केटमधल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एकसारख्या दिसणाऱ्या तीन नळ्या काउंटरवर ठेवल्या. तिन्हींवर चकचकीत जाळी, तिन्हींना पितळी नट; किंमत मात्र एकीची दुसरीच्या दुपटीहून जास्त. कारण विचारलं तर म्हणाला, ‘अंदर का माल अलग है, भाईसाहब.’ माझा भाचा मंडीदीपला औषधांच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडे अशीच दिसणारी नळी हजारोंच्या घरात जाते, कारण आत टेफ्लॉन असतं म्हणे. माझा प्रश्न असा की वर एवढं मजबूत स्टील असताना आत प्लास्टिक कशाला? आणि आतलंच महत्त्वाचं असेल, तर वरच्या स्टीलचे पैसे का मोजायचे?
— एक वाचक, बिट्टन मार्केट परिसर, भोपाळ

उत्तर : दुकानदारानं अर्धंच सांगितलं. आतला माल वेगळा असतो हे खरं. पण बाहेरचा मालही वेगळा असू शकतो, आणि तो डोळ्यांना कळत नाही. या धंद्यातले गाजलेले अपघात पाहिले तर घोळ बहुधा बाहेरच्या मालातच झालेला दिसतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आधी कामाची वाटणी. सायकलची ट्यूब आणि टायर आठवा. हवा धरते ट्यूब, पण दाब झेलतो टायर. टायरविना ट्यूब भरत गेलात तर फुगा होऊन फुटेल. तुमच्या नळीतही आतलं अस्तर पाणी धरतं आणि वरची जाळी दाब झेलते. जाळीतून पाणी आरपार जाईल, अस्तर एकटं दाबानं फुगेल. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही.

आता जाळीच्या तारा नीट पाहा. त्या नळीला आडव्या गुंडाळलेल्या नसतात आणि उभ्याही धावत नाहीत, तिरप्या जातात. यामागे सुबक गणित आहे. बंद नळीत दाब भरला की भिंतीवर गोलाईच्या दिशेनं जेवढा ताण येतो, त्याच्या निम्मा लांबीच्या दिशेनं येतो. हे दोन्ही ताण तारेनं एकाच वेळी बरोबर पेलायचे, तर तिचा नळीच्या अक्षाशी कोन सुमारे ५४.७ अंशांचा हवा. कोन याहून मोठा ठेवला, म्हणजे तारा जास्त आडव्या घेतल्या, तर दाब आल्यावर नळी लांब होते. लहान ठेवला तर नळी आखडते आणि जाड होते. बरोबर साधला तर दाब येवो-जावो, नळी जागची हलत नाही. होज विणणाऱ्या यंत्रावर हा कोन सांभाळणं हीच खरी कारागिरी, आणि स्वस्त मालात पहिली काटछाट इथेच होते. तारा विरळ, कोन सैल. जाळी बोटानं दाबल्यावर तारांमधून आतला थर मोकळा दिसत असेल, तर ती नळी परत ठेवून द्या.

मग सगळीच नळी धातूची का करत नाहीत? करतात. घड्या पाडलेल्या स्टीलच्या लवचिक नळ्या कारखान्यांत भरपूर दिसतात, वाफेसाठी तर हमखास. पण आम्लं आणि क्लोराइडं स्टीलला खातात, घड्यांच्या खोबणींत जुना माल अडकून राहतो आणि सारखं वाकवलं की धातू थकून चिरतो. रबर वाकण्यात वाघ, पण टोल्युइन किंवा अॅसिटोन दिसलं की फुगतो. पीव्हीसी स्वस्त, पण त्याला लवचिक ठेवणारं तेलकट द्रव्य सॉल्व्हंट ओढून घेतं, आणि गरम पाण्यात ते मऊ पडतं. म्हणून गिझरच्या गरम बाजूला आत ईपीडीएम रबराचं अस्तर असलेली नळी मागावी. तुमच्यासमोरच्या तिघींपैकी सर्वांत स्वस्त नळीत बहुधा पीव्हीसी असणार. कूलरला पाणी भरायला ती चालेल, गिझरला नाही.

भाच्याच्या कारखान्यातलं टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. टेफ्लॉन हे ड्यूपाँट कंपनीनं दिलेलं व्यापारी नाव. ते सापडलं अपघातानं. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे रसायनतज्ज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करत होते. टेट्राफ्लोरोएथिलीन वायूचा एक सिलिंडर उघडला तर वायू येईना. सिलिंडरचं वजन मात्र भरलेल्याएवढंच. दुसऱ्या कुणी व्हॉल्व्हला दोष देऊन तो बाजूला टाकला असता. यांनी सिलिंडर करवतीनं कापला. आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. वायूचे रेणू एकमेकांना जोडून घन झाले होते. या भुकटीवर काहीच परिणाम होईना, ना आम्लाचा ना सॉल्व्हंटचा. कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरिनचं असं घट्ट चिलखत असतं की वितळलेल्या सोडियमसारखे मोजके शत्रू सोडले तर कुणी त्याच्या वाटेला जात नाही. अणुबॉम्बच्या प्रकल्पात युरेनियम हेक्झाफ्लोराइडसारखा खादाड वायू हाताळताना ते पहिल्यांदा गंभीरपणे कामाला आलं. तव्यावर ते नंतर आलं.

पण जो पदार्थ कशालाच दाद देत नाही, तो साच्यालाही देत नाही. पीटीएफई ३२७ अंश सेल्सियसला वितळतं खरं, पण वाहत नाही. जाड जेलीसारखं जागच्या जागी बसून राहतं. साध्या प्लास्टिकच्या नळीसारखं वितळवून तोंडातून ढकलता येत नाही. मग त्याची बारीक भुकटी नॅफ्थासारख्या द्रवात कालवतात, दाबून जाड लगदा करतात, दट्ट्यानं रेटून नळी काढतात, द्रव उडवून लावतात आणि शेवटी ३७० अंशांच्या आसपास भाजतात. तेव्हा कण एकजीव होतात. या सगळ्या खटाटोपाचे पैसे भाच्याच्या कंपनीच्या बिलात असतात. आपल्याकडे हे प्लास्टिक बनवण्याच्या कामात एक मराठी धागाही आहे. मूळच्या रसायनीच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीची उपकंपनी हिंदुस्तान फ्लुरोकार्बन्स हैदराबादजवळ रुद्रारमला पीटीएफई बनवत असे. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ती बंद करायचा निर्णय घेतला. आज देशात या मालाचं मोठं नाव गुजरातेतल्या दहेजचं, गुजरात फ्लुरोकेमिकल्सचं.

एवढ्या पैशात काय मिळतं? शून्याखाली पन्नास अंशांपासून सव्वादोनशे अंशांपर्यंत एकच नळी चालते. औषधाच्या कारखान्यात आज या नळीतून मेथिलीन क्लोराइड जातं, उद्या दुसऱ्या मालाची पाळी. मध्ये १२१ अंशांच्या वाफेनं नळी निर्जंतुक करायची. आधीच्या मालाचा वास किंवा अंश पुढच्यात उतरला तर अख्खी बॅच फेकावी लागते, त्यापुढे नळीची किंमत काहीच नाही. टायर कारखान्यांत टायर शेकण्याच्या प्रेसला वाफ नेणाऱ्या नळ्या याच जातीच्या. खोक्यांना गरम गोंद लावणाऱ्या यंत्राच्या नळीत आत पीटीएफई, बाहेर विजेची तापवणारी तार. पावणेदोनशे अंशांचा गोंद वाहतो आणि चिकटत नाही. विमानाच्या इंजिनाचं तेल, शर्यतीच्या मोटारसायकलचा ब्रेक. ब्रेकचं कारण मजेदार आहे. साधी रबरी नळी दाबानं किंचित फुगते, त्यामुळे लिव्हर दाबताना स्पंजासारखं वाटतं. पीटीएफई आणि स्टीलची फुगत नाही, लिव्हर टणक लागतो.

सगळीकडे टेफ्लॉनच लागतं असं मात्र नाही. मुंबईत पीर पाऊच्या धक्क्यावर रसायनांची जहाजं रिकामी होतात. अशा कामाला लागणाऱ्या जाडजूड ‘काँपोझिट’ होजमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे पातळ पापुद्रे आणि कापड थरावर थर गुंडाळून आत-बाहेर तारेच्या वेटोळ्यांत आवळलेले असतात. ना रबर, ना भट्टी. सीएनजी पंपावरच्या नळीत नायलॉनचं अस्तर, कारण तिथे २०० बारचा मामला. आणि बिट्टन मार्केटच्या हाटात जी भाजी तुम्ही घेता, तिच्यावर फवारणी करणाऱ्या एचटीपी पंपाची नळी हीदेखील याच घराण्यातली : पीव्हीसीचे थर आणि मध्ये स्टीलऐवजी पॉलिएस्टरच्या धाग्याची वीण.

आता खोड्या. टेफ्लॉनची जाहिरात करणारे त्या सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

एक तर ते सतत दाबाखाली हळूहळू सरकतं. नटाखाली धरलेली टेफ्लॉनची कड महिन्याभरात सैल वाटते ती यामुळे. दुसरं, ते विजेचं कट्टर रोधक. टोल्युइनसारखा द्रव वेगानं वाहिला की घर्षणानं विद्युतभार साठत जातो, त्याला पळवाट मिळत नाही, आणि एक दिवस ठिणगी अस्तर भेदून जाळीला भिडते. टाचणीएवढं भोक पडतं आणि सॉल्व्हंट झिरपायला लागतं. विमानाच्या इंधननळ्यांत हे झालं तेव्हापासून अस्तरात काजळी मिसळून ते विद्युतवाहक करतात. भाच्याला विचारा : नळी आतून काळी आहे की पांढरी? सॉल्व्हंटसाठी काळी हवी, आणि दोन्ही टोकांची अर्थिंगशी जोडणी तपासलेली हवी.

तिसरी खोड सर्वांत महत्त्वाची. टेफ्लॉनला रसायन खात नाही, पण काही वायूंचे रेणू त्याच्यातून निघून जातात. भोक नसतं, चीर नसते. रेणू अस्तरात शिरतो, वाट काढतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. आतलं अस्तर ठणठणीत राहतं. बाहेर पडलेला वायू पहिल्यांदा कुणाला भेटतो? जाळीला. जी सगळा दाब झेलते आहे, तिला.

२३ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बेल या गावी ड्यूपाँटच्या कारखान्यात हेच झालं. एक टनी सिलिंडरमधून फॉस्जीन हा विषारी वायू पुढे नेणारी नळी एका कामगाराच्या समोर फुटली. आत टेफ्लॉन, बाहेर ३०४ प्रतीच्या स्टीलची जाळी. बाहेर पडलेला वायू जेमतेम किलोभर. त्या माणसाला सुरुवातीला फारसं काही वाटलं नाही. फॉस्जीन तसंच वागतं, काही तासांनी फुप्फुसं पाण्यानं भरायला लागतात. दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत दिसलं ते असं : फॉस्जीन अस्तरातून झिरपून जाळीपर्यंत येत होतं, हवेतल्या ओलाव्याशी त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होत होतं आणि ते आम्ल तार कुरतडत होतं. ही नळी दर महिन्याला बदलायचा नियम होता. फुटली ती सात महिने लागलेली होती. बदलायची आठवण करून देणारी संगणकातली सूचना मध्येच बंद पडली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. १९८७ मध्येच कंपनीच्या तज्ज्ञानं लिहून ठेवलं होतं की स्टीलऐवजी मोनेल या मिश्रधातूची नळी वापरा; आज महाग पडेल, पुढे स्वस्त आणि सुरक्षित ठरेल. ज्या कंपनीनं टेफ्लॉन जगाला दिलं, तिच्याच कारखान्यात टेफ्लॉनची ही खोड माणसाच्या जिवावर उठली.

दुसरी घटना तुमच्या ‘एकसारख्या दिसणाऱ्या तीन नळ्यां’ची आहे. १४ ऑगस्ट २००२, मिसूरी राज्यातलं फेस्टस गाव. रेल्वेच्या टाकीतून क्लोरीन काढून लहान सिलिंडरांत भरायचा कारखाना. नळीचं अस्तर टेफ्लॉनचं, आणि जाळी क्लोरीनला पुरून उरणाऱ्या हॅस्टेलॉय सी-२७६ या निकेलच्या मिश्रधातूची, असं कागदावर लिहिलेलं. प्रत्यक्षात जाळी होती ३१६ एल स्टीलची. लागून दोन महिनेही झाले नव्हते, तोवर नळी फुटली. आणीबाणीचे व्हॉल्व्ह गंजून अडकलेले, ते बंद होईनात. तीन तासांत सुमारे २२ टन क्लोरीन हवेत गेला. ६३ जण तपासणीसाठी दवाखान्यात पोचले. दोन्ही धातू दिसायला सारखे रुपेरी. हातात घेऊन, घासून, वास घेऊन काही कळत नाही. क्ष-किरणांच्या छोट्या हातयंत्रानं काही सेकंदांत कळतं, पण ते यंत्र नळीला लावायचं तर आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

या दोन्ही अपघातांचे अहवाल तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डानं जगापुढे उघडे ठेवले आहेत, अगदी चलच्चित्रांसह. आपल्या औद्योगिक वसाहतींत दर उन्हाळ्यात काही ना काही फुटतं, दोन दिवस बातमी येते आणि नेमकं काय फुटलं हे कधीच कळत नाही. तारापूर, महाड, लोटे इथे काम करणाऱ्या पोरांनी नळीबद्दल शिकायचं तर मिसूरीचा अहवाल वाचायचा, ही काही भूषणावह स्थिती नाही.

फॉस्जीन हा शब्द भोपाळकरांना नवा नाही. काली परेडच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन आणि मेथिलअमाइन यांच्यापासून मेथिल आयसोसायनेट करत. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीननं तिथला एक कामगार दगावला होता. आणि बेल हे गाव कानावा नदीच्या ज्या खोऱ्यात आहे, त्याच खोऱ्यात इन्स्टिट्यूट नावाच्या ठिकाणी कार्बाइडचा तो कारखाना होता, ज्याच्याशी भोपाळच्या कारखान्याची कायम तुलना होत आली.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यात मेथिल आयसोसायनेटच्या टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी कसं शिरलं याच्या दोन हकीकती आहेत. कामगारांची आणि अनेक अभ्यासकांची हकीकत अशी की तुंबलेले पाइप नळी लावून पाण्यानं धुतले जात होते, ते पाणी पुढे सरकू नये म्हणून जी पोलादी चकती जोडात सरकवायची ती सरकवली नव्हती, आणि गळक्या व्हॉल्व्हांतून पाणी टाकीपर्यंत गेलं. कंपनीची हकीकत अशी की कुणीतरी टाकीचा दाबमापक काढून तिथे थेट पाण्याची नळी जोडली. मला पहिली पटते की दुसरी, हा या सदराचा विषय नाही; शीतकरण बंद, वायू जाळायची मशाल बंद, ही बंद पडलेल्या सुरक्षा यंत्रणांची यादी दोन्ही हकीकतींत तशीच राहते. नळीचा विद्यार्थी म्हणून मला एवढंच दिसतं की दोन्हींत पाण्याची एक साधी नळी आहे. तिथे टेफ्लॉन असतं, हॅस्टेलॉय असतं, तरी काही फरक पडला नसता. कारण तिथला दोष नळीच्या धातूत नव्हता, ती कशाला जोडता आली यात होता.

लवचिक नळीचा मोठा गुण हा की ती कुठूनही कुठेही जाते. तिचा धोकाही तोच. पक्का पाइप चुकीच्या टाकीला जोडायचा तर वेल्डर बोलवावा लागतो. नळीला एक माणूस आणि अर्धं मिनिट पुरतं. २१ ऑक्टोबर २०१६ ला कॅन्ससमधल्या अॅचिसन गावी टँकरची नळी शेजारच्या तोंडाला लागली, सल्फ्युरिक आम्ल सोडियम हायपोक्लोराइटच्या टाकीत गेलं आणि गावावर क्लोरीनचा ढग आला. शहाण्या कारखान्यात म्हणून पाण्याच्या नळीचं कपलिंग रसायनाच्या टाकीला बसूच नये अशी सोय असते. वेगळे आटे, वेगळी मापं, तोंडाला कुलूप. भाच्याला हेही विचारून पाहा. नळीच्या प्रतीपेक्षा या उत्तरावरून कारखाना जास्त कळतो.

आता तुमच्या न्हाणीघरात येऊ. तिथे फॉस्जीन नाही, पण फरशीचे डाग काढायला आपण जे ‘एसिड’ ओततो ते हायड्रोक्लोरिक आम्लच. त्याची वाफ बंद खोलीत वर जाते आणि गिझरच्या जाळीवर बसते. बेलच्या नळीत जे आतून आलं, ते तुमच्याकडे बाहेरून येतं. क्लोराइडचा मार स्टीलला दोन्हीकडून सारखाच लागतो. तारा एकेक करून तुटतात, नळी एका जागी फुगीर दिसायला लागते, आणि घरी कुणी नसताना फुटते. म्हणून तपकिरी डाग, तुटून उभी राहिलेली तार किंवा फुगवटा यांपैकी एक दिसलं तरी नळी बदला. गळायची वाट पाहू नका. जाळीवर चिकटपट्टी गुंडाळू नका, खाली ओल कोंडते. नळी नटाजवळच मोडेल इतकी तंग किंवा पीळ देऊन बसवू नका. घर आठवडाभर बंद ठेवणार असाल तर खालचा अँगल कॉक बंद करून जा.

दुकानात चुंबक घेऊन जायचा सल्ला पुष्कळ लोक देतात. तो फसवा आहे. चांगलं ३०४ स्टील चुंबकाला चिकटत नाही, पण त्याची ओढून बारीक केलेली तार थोडीशी चिकटू शकते. आणि स्वस्त नळीवरची अॅल्युमिनियमची जाळी तर अजिबात चिकटत नाही. म्हणजे खोटा माल पास आणि खरा नापास! त्यापेक्षा नळी हातात तोला. अॅल्युमिनियमची लक्षणीय हलकी लागते. मग जाळीची प्रत, अस्तराचा पदार्थ, कमाल तापमान आणि दाब हे चारही वेष्टनावर छापलेले आहेत का ते बघा. तिघींपैकी जिच्यावर ते आहे ती घ्या, मग ती मधल्या किमतीची असली तरी. गिझरला टेफ्लॉनची गरज नाही.

प्रश्न : टेफ्लॉनच्या तव्याविरुद्ध एवढं लिहून येतं. मग औषधं टेफ्लॉनच्या नळीतून जाणं धोक्याचं नाही का?
— त्याच वाचकांच्या पत्रातला उपप्रश्न

उत्तर : नळीपुरतं म्हणाल तर नाही. तयार पीटीएफई औषधात उतरत नाही, म्हणून तर ते निवडतात. २६० अंशांच्या बरंच पुढे तापवलं की ते विघटन पावून विषारी वाफा देतं, पण औषधाची नळी तिथवर जात नाही. गाजलेला वाद पीएफओए या रसायनाचा. पीटीएफई बनवताना ते मदतीला वापरत आणि कारखान्याबाहेरच्या पाण्यात ते वर्षानुवर्षं जात राहिलं. पुन्हा वेस्ट व्हर्जिनियाच, या वेळी पार्कर्सबर्गजवळचा ड्यूपाँटचा कारखाना. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारानं पीएफओएचा समावेश जगभरात हद्दपार करायच्या रसायनांत केला. तेव्हा काळजी करायची ती नळी वापरणाऱ्यांपेक्षा ती भुकटी जिथे बनते त्या गावच्या विहिरींची.

प्रश्न : गॅसच्या काही होजवर बाहेरच्या आवरणाला कंपनीच मुद्दाम टाचणीनं भोकं पाडते असं ऐकलं. ही थट्टा आहे की खरं?
— भोपाळमधल्याच एका वाचकांकडून

उत्तर : अगदी खरं, आणि वरच्या उत्तराशी त्याचा जवळचा संबंध आहे. दाबाखालचा वायू अस्तरातून थोडा थोडा झिरपतच राहतो, तो थांबवता येत नाही. जाळी उघडी असेल तर तो हवेत निघून जातो. पण जाळीवर प्लास्टिकचं किंवा रबराचं अखंड आवरण असेल, तर वायू त्याच्याखाली साठतो आणि आवरणाला फोड येतात. दाब एकदम उतरवला तर आतलं अस्तरही आतल्या बाजूला चेपू शकतं. म्हणून उच्च दाबाच्या वायूसाठी बनवलेल्या होजच्या फक्त बाहेरच्या आवरणाला सुईनं बारीक छिद्रं पाडतात. ती अस्तरापर्यंत पोचत नाहीत. अशी नळी पाण्यात बुडवून तपासली तर लांबीभर तुरळक बुडबुडे येतात, आणि नवखा माणूस ‘नळी गळते’ म्हणून परत करायला येतो. बुडबुडे सगळीकडून सारखे आणि सावकाश येत असतील तर नळी ठीक आहे. एकाच जागेवरून भरभर येत असतील, तर परत करणाराच बरोबर.

घरच्या एलपीजीला हा प्रकार नाही. तिथे रेग्युलेटरनंतरचा दाब अगदी किरकोळ असतो. आयएस ९५७३ चा शिक्का असलेली, आत तारेची वीण असलेली केशरी ‘सुरक्षा’ नळी घ्यावी, तिच्यावर छापलेलं वर्ष बघावं आणि पाच वर्षं झाली की, ती कितीही धडधाकट दिसो, बदलावी.